लीक टेस्टचं वाइप किट आणि मोजणारी लॅब: दोन वर्षं वापरून झाल्यावरचा अनुभव

हा रिव्ह्यू मोजक्याच लोकांच्या कामाचा आहे हे माहितीये मला, पण ज्यांच्याकडे जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ईसीडी (त्याचा किरणोत्सारी सोर्सवर चालणारा डिटेक्टर) आहे किंवा मातीची, डांबराची घनता मोजणारा न्यूक्लिअर गेज आहे आणि रेडिएशन सेफ्टीची सही ज्यांना करावी लागते त्यांनी वेळ काढून वाचा, कारण आधीच्या लॅबकडून आम्ही दोन वर्षं जे रिपोर्ट घेत होतो त्यातले अर्ध्याहून जास्त रिपोर्ट निरर्थक निघाले, आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आमचे आम्हालाच कळलं.

आमच्याकडे काय आहे ते आधी सांगते. तीन ईसीडी, प्रत्येकात निकेल-६३ चा ५५५ मेगाबेक्वेरेलचा सोर्स, जुन्या हिशोबात १५ मिलिक्युरी (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, मेगा म्हणजे दहा लाख). आणि दोन मॉइश्चर-डेन्सिटी गेज, त्या प्रत्येकात दोन सोर्स, सिझियम-१३७ साधारण ०.३ गिगाबेक्वेरेल आणि अमेरिशियम-बेरिलियम १.४८ गिगाबेक्वेरेल. हे सगळे सील्ड सोर्स. म्हणजे किरणोत्सारी पदार्थ स्टीलच्या कॅप्सूलमध्ये वेल्डिंग करून बंद केलेला, किंवा निकेलच्या बाबतीत धातूच्या पृष्ठभागावर मुलामा देऊन पक्का बसवलेला. सील धड असेल तर बाहेर फक्त किरणं येतात, पदार्थ स्वतः येत नाही. तो खरंच येत नाहीये ना एवढंच लीक टेस्टमध्ये बघायचं असतं.

इथे एक गैरसमज फार वेळा ऐकलाय मी. गेजभोवती सर्व्हे मीटर (किरणांची पातळी दाखवणारा हातातला मीटर) फिरवला, आकडा नेहमीसारखाच आला, म्हणजे लीक नाही. असं नसतं हो. मीटर दाखवतो ती कॅप्सूलमधून आरपार येणारी किरणं, ती तर येणारच. लीक असेल तर ती अतिशय बारीक असते, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी धूळ, आणि ती एवढ्या मोठ्या सोर्सशेजारी मीटरला वेगळी कळणं शक्यच नाही. म्हणून तर स्वॅबने पुसून, तो स्वॅब सोर्सपासून लांब नेऊन, वेगळ्या काउंटरवर मोजतात. मर्यादा किती बारीक आहे बघा. अमेरिकन नियमांत ती १८५ बेक्वेरेल आहे (०.००५ मायक्रोक्युरी), आयएसओ ९९७८ या आंतरराष्ट्रीय मानकात २०० बेक्वेरेल. आमच्या ईसीडीतल्या ५५५ मेगाबेक्वेरेलच्या तुलनेत १८५ म्हणजे तीस लाखावा भाग. एवढ्याशा निकेलने कुणाला लगेच काही होणार नाही, पण सील कुठेतरी सुटलंय हे त्यातून कळतं, आणि ते कळल्याबरोबर सोर्स वापरातून काढायचा असतो.

आणि सील आपोआपही सुटू शकतं, त्यासाठी कुणी कॅप्सूल फोडायला लागत नाही. १९८८ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डिकेटरमध्ये वैद्यकीय सामान निर्जंतुक करणाऱ्या एका प्लांटमध्ये सिझियम क्लोराइडच्या कॅप्सूलमधून गळती झाली आणि सिझियम थेट साठवणीच्या तलावाच्या पाण्यात गेलं. स्टीलच्या दुहेरी कॅप्सूल होत्या त्या. पण पाण्यात बुडवायच्या, मग काम करायला वर काढायच्या, परत बुडवायच्या, असं गरम-थंड होऊन होऊन ताण आला. सिझियम क्लोराइड मिठासारखंच विरघळतं, त्यामुळे एकदा फट पडली की ते आत राहत नाही. आमचे सोर्स त्यापुढे कणभर आहेत, पण आमचा ईसीडी पण रोज तीनशे-साडेतीनशे डिग्रीला तापतो आणि थंड होतो, गेज रोज गाडीतून हादरे खात साइटवर जातो. माझ्या मनात हे कायम असतं.

तर आता जुन्या लॅबबद्दल. नाव घेत नाही. दर सहा महिन्यांनी त्यांचं किट यायचं, आम्ही स्वॅब घेऊन पाठवायचो, आणि रिपोर्टवर एका ओळीत यायचं, "गळती आढळली नाही, १८५ बेक्वेरेलपेक्षा कमी". आकडा नाही, बॅकग्राउंड (सॅम्पल नसतानाही मशीनवर येतो तो आकडा) नाही, काहीच नाही. मी ते फाइलला लावत गेले. चौथ्या वेळी आमच्याकडे नवीन आलेली एक ट्रेनी माझ्याबरोबर रिपोर्ट लावत होती, तिने विचारलं, मॅडम, निकेल कशावर मोजतात? मी म्हटलं लिहिलं असेल, आणि पान उलटून पाहिलं तर मागे बारीक अक्षरात होतं, वेल टाइप सोडियम आयोडाइड गॅमा काउंटर. पाचही सॅम्पलला तेच.

निकेल-६३ गॅमा सोडतच नाही! शुद्ध बीटा आहे तो (बीटा म्हणजे अणूतून सुटणारा इलेक्ट्रॉन, गॅमासारखा आरपार जात नाही), आणि बीटासुद्धा इतका अशक्त की त्याची जास्तीत जास्त ऊर्जा ६७ केइव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक), सरासरी १७ च्या आसपास. हवेत पाच-सहा सेंटिमीटर गेला की संपला, आणि तेसुद्धा त्यातला सगळ्यात जोरदार. सोडियम आयोडाइडच्या क्रिस्टलवर ॲल्युमिनियमचं आवरण असतं, त्याच्या आत हा बीटा पोचतच नाही. म्हणजे आमच्या स्वॅबवर मर्यादेच्या कितीतरी पट निकेल असतं तरी त्या मशीनने बॅकग्राउंडच दाखवला असता आणि रिपोर्टवर तीच ओळ आली असती. मी फोन केला तर समोरून उत्तर आलं, आमचं मशीन कॅलिब्रेटेड आहे. होतंच ते कॅलिब्रेटेड, पण सिझियमच्या स्टँडर्डवर, गॅमासाठी. निकेलसाठी त्याचा काय उपयोग हे मी तीनदा विचारलं, त्याला उत्तर मिळालं नाही.

मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, कारण त्या बारा रिपोर्टांवर खाली माझी सही आहे आणि ईसीडीवर काम करणारी मुलं माझ्या सहीवर विश्वास ठेवून रोज त्या मशीनपाशी बसतात. त्याच संध्याकाळी तिन्ही ईसीडी बंद केले, चार फेऱ्यांचे निकेलचे बारा रिपोर्ट रजिस्टरमध्ये अवैध म्हणून खूण करून ठेवले, नियामक संस्थेला लेखी कळवलं, आणि नवीन लॅब शोधायला लागले. गेजचे रिपोर्ट तेवढे बरे होते, सिझियमला ६६२ केइव्हीचा गॅमा आहे आणि अमेरिशियमला ५९.५ चा, ते त्या काउंटरवर दिसतात.

नवीन लॅब निवडताना मी किट कसं दिसतं, किती दिवसात येतं वगैरे काही विचारलं नाही. एकच ईमेल पाठवला सहा लॅबना: निकेल-६३ चा स्वॅब तुम्ही कशावर मोजता, तुमची एफिशियन्सी (फुटणाऱ्या अणूंपैकी किती मशीनला कळतात) किती, किमान किती बेक्वेरेल तुम्हाला दिसतं, आणि हे आकडे रिपोर्टवर छापता का. तिघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी ब्रोशर पाठवलं. एकीने चार ओळींत उत्तर दिलं, लिक्विड सिंटिलेशन काउंटर, निकेलसाठी एफिशियन्सी पासष्ट टक्क्यांच्या आसपास, दहा मिनिटं मोजणी, किमान ओळखता येणारी ॲक्टिव्हिटी अर्ध्या बेक्वेरेलच्या खाली, होय छापतो. तीच घेतली. आज दोन वर्षं झाली, चार फेऱ्या झाल्या, आणि हा रिव्ह्यू त्या लॅबच्या सर्व्हिसचा आहे.

लिक्विड सिंटिलेशन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, स्वॅब छोट्या बाटलीत घालतात, त्यावर एक द्रव ओततात, बीटा त्या द्रवातच थांबतो, त्याच्या ऊर्जेने द्रव क्षणभर चमकतो, आणि तो प्रकाश मशीन मोजतं. मध्ये खिडकी नाही, आवरण नाही, म्हणून अशक्त बीटासुद्धा सुटत नाही. निकेलसाठी योग्य पद्धत हीच. नाहीतर मग बिनखिडकीचा गॅस फ्लो काउंटर.

किट उघडलं की प्रत्येक सोर्ससाठी झिपची एक पिशवी, त्यात दोन स्वॅब, एक लेबल, आणि सगळ्यांसाठी मिळून एक ब्लँक स्वॅब. तो ब्लँक मला सगळ्यात आवडला. तो उघडून, कशालाही न लावता, बाकीच्यांबरोबरच परत पाठवायचा, म्हणजे प्रवासात किंवा हाताळताना काही लागलं असेल तर तिथे दिसेल. जुन्या किटमध्ये हे नव्हतं. लेबलवर सोर्सचा सिरियल नंबर आणि उपकरणाचा सिरियल नंबर असे वेगवेगळे रकाने आहेत, हेही महत्त्वाचं, कारण डिटेक्टर एका जीसीवरून काढून दुसऱ्या जीसीवर लावला की उपकरणाचा नंबर बदलतो आणि सोर्सचा तोच राहतो, मग दोन वर्षांनी फाइल बघताना कोणता रिपोर्ट कुणाचा ते कळत नाही.

सूचनांचा कागद मात्र कच्चा आहे आणि यासाठी मी गुण कापतेय. ईसीडी थंड झाल्यावरच स्वॅब घ्या हे त्यात ठळक लिहिलेलं नाही, चौथ्या मुद्द्याच्या आत कुठेतरी आहे. तीनशे डिग्रीच्या डिटेक्टरला अल्कोहोलने ओला केलेला स्वॅब कुणी लावला तर काय होईल? भाजेल, आणि पेट घ्यायची भीती वेगळीच. आम्ही आदल्या संध्याकाळीच हीटर बंद करतो, कॅरिअर गॅस थोडा चालू ठेवून थंड होऊ देतो, सकाळी स्वॅब घेतो. एक स्वॅब गॅस आत येतो त्या तोंडाला आणि एक बाहेर जातो त्या तोंडाला, आणि डिटेक्टरच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून फिरवायचा. डिटेक्टर उघडायचा नाही, कधीच नाही, आतलं फॉइल पुसायचा प्रयत्न करायचा नाही, उत्पादक किंवा तसा खास परवाना असलेल्यांशिवाय कुणाला तो अधिकार नाही.

गेजचं तंत्र वेगळं. रॉड सेफ पोझिशनला लॉक करून, गेज आडवा करून, तळाची बाजू आपल्याकडेही नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही अशी ठेवून, लांब काडीला लावलेल्या स्वॅबने रॉडच्या भोकाभोवती आणि अमेरिशियमच्या जागेवर पुसायचं, आणि मिनिटाच्या आत संपवायचं. अंगावर पडलेली किरणं मोजणारा बॅज लावलेला हवा. रॉडच्या टोकाला, जिथे सिझियम आहे तिथे, हात किंवा स्वॅब थेट लावायचा नाही, जवळच्या पोचता येणाऱ्या जागी पुसायचं, लीक असेल तर ती तिथे येतेच. आधी माती साफ करा. हे फार महत्त्वाचं आहे. स्वॅबवर चिखलाचा थर असला तर अमेरिशियमचा अल्फा त्या थरातच अडकतो, अल्फाला कागदसुद्धा पुरतो अडवायला, आणि लॅब अल्फावर मोजत असेल तर आकडा खोटाच कमी येणार. आमच्या पहिल्या फेरीत एका गेजचा स्वॅब तपकिरी झाला होता आणि या लॅबने तो सरळ नव्याने घेऊन पाठवायला सांगितला, मोजून टाकून मोकळे झाले नाहीत. एक आठवडा उशीर झाला, पण मला ते पटलं.

स्वॅब पाठवण्याआधी आम्ही आमच्या पॅनकेक गायगर मीटरवर तपासतो, तेही लॅबनेच सुचवलं. पुष्कळ जण विचारतात की मग घरच्या घरीच मोजून टाकायला काय हरकत? सिझियमपुरतं बघितलं तर फार वाईट नाही. बॅकग्राउंड मिनिटाला पन्नास, एफिशियन्सी दहा टक्के, एक मिनिट मोजलं, तर नेहमीच्या सूत्राने (बॅकग्राउंड काउंटच्या वर्गमुळाची ४.६५ पट, त्यात २.७१ मिळवायचे) सहा-एक बेक्वेरेलपर्यंत ओळखता येतं, म्हणजे १८५ च्या बरंच खाली. पण निकेलला तो मीटर जवळपास आंधळा आहे, आणि रेकॉर्डला लागतो तो स्वतःच्या कॅलिब्रेशनसह मान्यताप्राप्त रिपोर्ट. म्हणून आमच्याकडे गायगर फक्त एवढ्यासाठी, की स्वॅबवर भलतंच काही असेल तर ते पाकिटात घालून पाठवायचंच नाही, तिथेच थांबून सोर्स वेगळा ठेवायचा आणि फोन करायचा.

पहिला रिपोर्ट अकराव्या दिवशी आला. ते अकरा दिवस तिन्ही जीसी बंद होते, कामं तुंबली, वरून रोज विचारणा. तिन्ही ईसीडी किमान मर्यादेच्या खाली, म्हणजे ०.३ बेक्वेरेलपेक्षा कमी. हायसं वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. पण रिपोर्ट कसा होता तेही सांगते: प्रत्येक स्वॅबचे एकूण काउंट, मोजणीची वेळ, बॅकग्राउंड, एफिशियन्सी, निव्वळ बेक्वेरेल, किमान ओळखता येणारी ॲक्टिव्हिटी, कोणत्या काउंटरवर, त्या काउंटरचं कॅलिब्रेशन कधी आणि कोणत्या आयसोटोपने, आणि ब्लँकचा आकडा वेगळा. कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन बसला तर तो स्वतः तपासू शकतो. मी तपासलं. जुळलं.

तिसऱ्या फेरीत खरी परीक्षा झाली. एका ईसीडीच्या स्वॅबवर चाळीस बेक्वेरेलच्या आसपास आलं. मर्यादेच्या खाली होतं, रिपोर्ट पास करून पाठवला असता तरी नियमाने चुकीचं नव्हतं. पण त्यांच्या टेक्निशियनचा फोन आला, मॅडम, मागच्या दोन वेळा काहीच नव्हतं आणि आता हे आलंय, तुम्ही स्वॅब घेण्याआधी तिथे काही क्लीनर मारला होता का? मारला होता, आमच्या मुलाने बाहेरची बाजू अल्कलाइन डिटर्जंटने पुसून घेतली होती, स्वच्छ दिसावं म्हणून. टेक्निशियनने सांगितलं की असल्या क्लीनरचा अंश बाटलीतल्या द्रवात गेला की रासायनिक प्रक्रियेने नुसताच प्रकाश निघतो आणि मशीन तोही मोजतं, बाटली रात्रभर अंधारात ठेवून परत मोजतो. दुसऱ्या दिवशी परत मोजलं तर आकडा बॅकग्राउंडला आला. खरं निकेल असतं तर तो आकडा कमी झालाच नसता, त्याचं अर्धायुष्य शंभर वर्षांच्या आसपास आहे. रिपोर्टवर दोन्ही मोजण्या छापल्या, पहिली लपवली नाही, आणि खाली कारण लिहिलं. शिवाय आम्ही आमच्या समाधानासाठी नुसत्या अल्कोहोलने परत स्वॅब घेऊन पाठवला, तोही स्वच्छ.

तक्रारी आहेत. लेबलचा गोंद खराब आहे, अल्कोहोल लागलं की सुटतं, आम्ही पिशवीवर पर्मनंट मार्करने नंबर परत लिहितो. दुसऱ्या फेरीत त्यांनी एका गेजच्या रिपोर्टवर दोन्ही सोर्सना एकच सिरियल नंबर छापला, सांगितल्यावर तीन दिवसांत सुधारून दिला पण मी बघितलं नसतं तर तसाच राहिला असता. तारीख जवळ आल्याची आठवण ते एकदाच पाठवतात, फक्त एकदाच, ते ईमेल कुणी सुट्टीवर असताना आलं तर सहा महिने कधी उलटले कळणार नाही, आमची तारीख आम्ही स्वतः भिंतीवर लावलीये. आणि तुमच्या लायसन्समध्ये किती महिन्यांनी टेस्ट लिहिलीये ते त्यांना विचारू नका, स्वतः वाचा. बऱ्याच ठिकाणी सहा महिने असतं, अल्फा सोर्सला काही नियमांत तीन, आणि ते तुमच्या कागदावर जे असेल तेच खरं.

पाचपैकी चार देते. अर्धा सूचनांच्या कागदासाठी कापला, अर्धा त्या सिरियल नंबरसाठी.

मागच्या महिन्यात एक वेगळंच काम निघालं. स्टोअरमध्ये एक जुना जीसी पडून होता, भंगारात काढायच्या यादीत त्याचं नाव होतं, आणि ट्रेनीच्या लक्षात आलं की त्यावरचा ईसीडी अजून जागेवर आहे, वरची पिवळी पट्टी फिकट झालेली पण नंबर वाचता येत होता. इतकी वर्षं वापरात नसल्यामुळे त्याची लीक टेस्ट कुणी केलीच नव्हती. साठवणीतल्या सोर्सला नेहमीच्या टेस्टमधून सूट असते बऱ्याच ठिकाणी, पण बाहेर काढायचा किंवा कुणाला द्यायचा तर आधी टेस्ट लागतेच. किटमधले जास्तीचे दोन स्वॅब होते, ते वापरले, लॅबला फोन करून सांगितलं, त्यांनी त्याच फेरीत घेतला. नवव्या दिवशी रिपोर्ट आला, स्वच्छ. डिटेक्टर काढून, पेटीत बंद करून, रिपोर्टची प्रत आत घालून उत्पादकाकडे परत गेला, आणि जीसीचा सांगाडा त्यानंतरच भंगारात दिला.